शिलालेखावरचा तिसरा आकडा

सातारा शहराच्या परिसरातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावाने महाराष्ट्रभर ओळखले जाते. घरटी एक तरी माणूस सैन्यात, अशी त्या गावाची ख्याती आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले आणि इंग्रज सरकारने त्यांच्या स्मरणार्थ गावात स्मारक उभारले. त्या युद्धानंतर हिंदुस्थानातील अनेक गावांत अशा पाट्या बसविण्यात आल्या. त्यांचा मजकूर एका साच्याचा असे: या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गेलेल्यांचा एक आकडा आणि मेलेल्यांचा दुसरा. जे परत आले, परंतु गेले तसे परत आले नाहीत, त्यांचा तिसरा आकडा कोणत्याही पाटीवर कोरला गेला नाही. कोणाचा पाय गुडघ्यातून गेलेला, कोणाची दृष्टी अधू झालेली, कोणाच्या अंगात ताप आणि आमांश कायमचा मुक्कामाला आलेला. प्रस्तुत लेखात आम्ही त्या तिसऱ्या आकड्याची विचारपूस करणार आहोत.

आरंभीच एक खुलासा करावयास हवा. आज सातारा आणि सांगली हे दोन स्वतंत्र जिल्हे आहेत व दोन्ही आपल्या पुणे धर्मप्रांतात मोडतात. परंतु दोन्ही महायुद्धांच्या काळी वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. सांगली व मिरज ही संस्थाने होती. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. म्हणून सैनिकांच्या इतिहासापुरते तरी हे एकच कुटुंब मानणे योग्य होय.

या कुटुंबातील मुले पहिल्या महायुद्धात प्रामुख्याने मराठा पलटणींत होती आणि मराठा पलटणींच्या वाट्याला मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, आला. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालील सहावी डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ म्हणून ओळखली जाई. तीत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या तीन मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे मोठी लढाई झाली. इंग्रजी फौजेचे सुमारे साडेचार हजार लोक तेथे ठार वा जखमी झाले. विजयाची आशा धरून पुढे नेलेल्या या सैन्यामागे जखमींना परत आणण्याची व्यवस्था जवळजवळ नव्हतीच. सामानासाठी असलेल्या, स्प्रिंग नसलेल्या लोखंडी गाड्यांत मोडक्या हाडांची माणसे घालून त्यांना मैलोगणती वाळवंटातून नदीकाठी आणण्यात आले आणि तेथून आगबोटींच्या उघड्या डेकवर व शेजारी बांधलेल्या पडावांवर दाटीवाटीने निजवून बसऱ्याकडे रवाना करण्यात आले.

बसऱ्यास इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील मेजर कार्टर हे एका इस्पितळी जहाजावर होते. ‘मेजिदिए’ नावाची आगबोट संध्याकाळी धक्क्याकडे येताना त्यांनी पाहिली. बोटीच्या कडांवरून दोरखंड लोंबत असावेत असे त्यांना दुरून वाटले. जवळ आल्यावर कळले की ते दोरखंड नव्हते. हलता न येणाऱ्या माणसांचे मलमूत्र कडेवरून ओघळून थिजले होते. जखमांवरील पट्ट्या कित्येक दिवस बदललेल्या नव्हत्या. कार्टरसाहेबांनी हे सारे लिहून वरिष्ठांना कळविले, तेव्हा शाबासकी दूरच राहिली. लुडबुड्या ठरवून त्यांना अटकेची धमकी देण्यात आली. पण तो गृहस्थ दबला नाही. अखेर प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले, चौकशी मंडळ नेमले गेले, १९१७ च्या उन्हाळ्यात त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्या गदारोळात भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या मॉंटेग्यू यांनी त्याच ऑगस्टमध्ये जबाबदार राज्यपद्धतीची सुप्रसिद्ध घोषणा केली. आपल्या शालेय पुस्तकांत ती घोषणा असते. तिच्या आधीचे मंत्रिपद जखमी शिपायांच्या हालांमुळे रिकामे झाले होते, ही गोष्ट मात्र तेथे सहसा सापडत नाही.

टेसिफोनहून मागे हटलेले सैन्य कूत-अल-अमारा या गावी ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात सापडले. जवळजवळ पाच महिने अन्न आटत गेले. शेवटी घोड्यांचे मांस शिधा म्हणून देण्यात आले. अनेक हिंदी शिपायांनी धर्मभावनेमुळे ते दीर्घकाळ नाकारले. भाजीपाला नाही, त्यामुळे हिरड्या सुजून रक्त येण्याचा स्कर्व्ही हा रोग फैलावला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. काही अत्यवस्थ रुग्णांची अदलाबदल झाली. उरलेल्यांना अनातोलियाकडे पायी हाकण्यात आले आणि त्यांतील हजारो वाटेत व छावण्यांत मेले. येथे एक गोष्ट ध्यानी धरावी. कूतचा शिपाई गोळीने जितका खचला, तितकाच तो भुकेने व रोगाने खचला होता. गोळीची जखम दाखविता येते, तिच्यावर पदक मिळते. आजाऱ्याजवळ दाखविण्यासारखे काही नसते. जखमी आणि आजारी यांच्यातील हा भेद पुढे शंभर वर्षे सरकारी कागदांत टिकून राहिला. त्याकडे आम्ही शेवटी वळणार आहोत.

त्याच काळात रोमहून पोप बेनेडिक्ट पंधरावे दोन्ही पक्षांच्या सरकारांस विनवीत होते. लढण्यास कायमचे असमर्थ झालेल्या बंदिवानांची अदलाबदल व्हावी आणि आजारी बंदिवानांना तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये उपचारांसाठी ठेवावे, यासाठी त्यांनी चिकाटीने मध्यस्थी केली व ती बऱ्याच अंशी फळास आली. अर्थात तिचा लाभ मुख्यतः यूरोपातील बंदिवानांना मिळाला. कूतच्या मराठा गड्याचे गाव त्या नकाशावर नव्हते. इकडे आपल्या पुणे-मुंबई मिशनची स्थितीही विलक्षण झाली होती. येथील येशूसंघीय धर्मगुरू बहुतांशी जर्मन. म्हणजे इंग्रज सरकारच्या दृष्टीने शत्रूचे प्रजाजन. त्यांपैकी काहींना अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) छावणीत स्थानबद्ध करण्यात आले आणि पुष्कळांना मायदेशी परत धाडण्यात आले. मेसोपोटेमियातून जखमींची जहाजे मुंबईस लागत होती, नेमक्या त्याच वेळी कित्येक चर्चमधले धर्मगुरू दिसेनासे झाले होते.

वास्तविक जायबंदी सैनिक हा ख्रिस्तसभेला अपरिचित नाही. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस हे २० मे १५२१ रोजी पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने पाय मोडलेले सैनिकच होते. वाकडे जुळलेले हाड पुन्हा मोडून बसविण्यात आले आणि अंथरुणावर खिळलेल्या त्या महिन्यांत वाचलेल्या ख्रिस्तचरित्राने व संतचरित्रांनी त्यांचे आयुष्य पालटले. त्यांच्याहून आमच्या विषयाला अधिक जवळचे म्हणजे संत कमिल्लस. हेही सैनिक, शिवाय जुगारी. पायावर अशी एक जखम झाली की ती मरेपर्यंत भरली नाही. त्या जखमेमुळे कपुचिन मठानेही त्यांना ठेवून घेतले नाही. रोमच्या ज्या इस्पितळात ते रुग्ण म्हणून गेले, तेथेच पुढे ते रुग्णसेवक झाले व त्यांनी रुग्णसेवेस वाहिलेला संघ स्थापिला. या संघाच्या झग्यावर तांबडा क्रूस असे. १५९५ साली त्यांचे सेवक हंगेरीकडील युद्धात सैन्याबरोबर जखमींच्या शुश्रूषेसाठी गेले. जिनीव्हात रेड क्रॉसचा पाया घातला गेला तो १८६३ साली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या तांबड्या क्रुसाचे ज्येष्ठत्व कळते. आणि पहिले महायुद्ध थांबले तो ११ नोव्हेंबर हा दिवस संत मार्टिन यांच्या सणाचा. आपला झगा तलवारीने दुभागून भिकाऱ्याला देणारा हा संतही शिपाईच होता.

लूककृत शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपण असंख्य वेळा ऐकला आहे. त्यात तेल, द्राक्षारस आणि पट्ट्या यांवर प्रवचनकारांचा भर असतो. आम्हांला मात्र त्याचा उत्तरार्ध नेहमी मोलाचा वाटत आला आहे. तो माणूस दुसऱ्या दिवशी खाणावळवाल्याच्या हाती दोन नाणी ठेवतो आणि याहून जास्त खर्च आला तर परतताना फेडीन, असा शब्द देतो. तातडीची मलमपट्टी एका दिवसाची. पुढचा खर्च किती दिवस चालेल ते कोणाला ठाऊक? पेन्शन नावाची गोष्ट नेमकी या दुसऱ्या दिवशी सुरू होते.

त्या दुसऱ्या दिवसाचा विचार मुंबई इलाख्यात १९१७ साली एका स्त्रीने केला. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी त्या वर्षी मुंबईत जायबंदी हिंदी सैनिकांसाठी ‘क्वीन मेरीज टेक्निकल’ ही शाळा काढली. त्यांचा स्वतःचा थोरला मुलगा १९१४ च्या सप्टेंबरात, युद्धाच्या दुसऱ्याच महिन्यात, फ्रान्समध्ये कामी आला होता. शाळेमागील विचार साधा होता. ज्याचा पाय गेला तो नांगर धरू शकत नाही, मोट हाकू शकत नाही. त्याला सरकारने महिन्याला चार रुपये धाडले तरी गावात तो ओसरीवर बसून राहणार. त्याच्या हातांना दुसरा धंदा शिकवावा. सुतारी, शिवणकाम, यंत्रांची दुरुस्ती असे व्यवसाय शिकविण्याची ती कल्पना होती. पुढे ही संस्था पुण्याजवळ खडकीला आली व आजही तेथे जायबंदी जवानांना प्रशिक्षण देत आहे. शंभर वर्षे पुरी केलेल्या या संस्थेविषयी आपल्या लोकांना फारच थोडे ठाऊक असते, याचा आम्हांला अचंबा वाटतो. तथापि एक शाळा आणि गावोगावी पांगलेले जायबंदी, यांचे प्रमाण बसणे शक्य नव्हते. बहुतेकांचा आधार म्हणजे घरची माणसे, टपालाने येणारे पेन्शन, आणि दुखणे फारच विकोपाला गेले तर मिरज. तेथे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ पासून प्रेस्बिटेरियन मिशनचे रुग्णालय नावारूपाला आणले होते. पंथ आपला नसला तरी त्या हाताच्या गुणाला दक्षिण महाराष्ट्रातील सर्व धर्मांच्या लोकांनी मानले, हे सांगितलेच पाहिजे.

पेन्शन लहान असली तरी तिचे मोल खेड्यात काय होते, हे पाहण्यासाठी सातारचेच एक घर पुरे आहे. निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ साताऱ्यास राहत असता त्यांच्या धाकट्या मुलाचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी हायस्कुलात घातले गेले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. रामजी जायबंदी नव्हते, हे खरे. पण लष्करी पेन्शनीचा नियमित पैसा घरात येणे म्हणजे पुस्तक, दिवा आणि शाळा, हा हिशेब त्या घराने मांडून दाखविला. जायबंदी शिपायाची पेन्शन अडकली की हाच हिशेब उलटा होतो, आणि शाळेतून नाव काढावे लागते ते बहुधा थोरल्या मुलीचे.

दुसऱ्या महायुद्धावर आम्ही फार रेंगाळणार नाही. सातारा जिल्ह्याची त्या वेळची अवस्था मोठी चमत्कारिक होती. एकीकडे क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार इंग्रजांचा अंमल उखडीत होते, तर दुसरीकडे त्याच तालुक्यांतील तरुण मराठा पलटणींतून इटलीच्या डोंगरांत इंग्रजांच्या बाजूने लढत होते. एकाच वाड्यातील दोन भाऊ दोन वाटांनी गेल्याच्या कथा त्या भागात अजून सांगितल्या जातात. त्या युद्धाने आपल्यासाठी मागे ठेवलेली एक टिकाऊ गोष्ट म्हणजे पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र. १९४४ साली सैन्यासाठी सुरू झालेले हे केंद्र पुढे नागरिकांनाही खुले झाले.

आता वाळवा तालुक्यातील पेठ या गावी यावे. पुणे-बंगळूर रस्त्यावरील ‘पेठ नाका’ प्रवाशांना परिचित आहे. मुरलीकांत पेटकर हे या गावचे. कुस्तीचा नाद असलेला हा मुलगा लष्कराच्या पोरांच्या पलटणीत दाखल झाला, तेथे मुष्टियुद्ध शिकला आणि पुढे विद्युत व यांत्रिकी अभियांत्रिकी दलात, म्हणजे ईएमईत, कारागीर म्हणून काम करू लागला. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर छावणीवर शत्रूचा हल्ला झाला. पेटकरांच्या अंगात अनेक गोळ्या घुसल्या आणि त्या धांदलीत त्यांच्या अंगावरून एक वाहनही गेले. एक गोळी पाठीच्या कण्यात रुतून राहिली ती कायमची. ते दीर्घकाळ बेशुद्ध होते. कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईच्या कुलाब्यातील नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि व्यायामोपचारासाठी त्यांना पाण्यात उतरविण्यात आले.

पाण्याने त्यांना धरले. १९६८ साली तेल अवीव येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्त पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक उच्चांक करून सुवर्णपदक मिळविले. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, भारताला वैयक्तिक सुवर्णपदक मिळण्याची ही पहिलीच वेळ. या खेळाडूंच्या प्रवासखर्चासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी पुढाकार घेतला होता, हेही नोंदवून ठेवण्याजोगे आहे; दोन नाणी खाणावळवाल्याच्या हाती ठेवणारा माणूस सरकारी कचेरीतूनच येतो असे नाही. पुढे पेटकरांनी पुण्यात टेल्को कारखान्यात नोकरी केली. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी १९८० च्या दशकात अर्ज केला, तो नामंजूर झाला. २०१८ साली पद्मश्री आली, २०२४ साली त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट निघाला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांना जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार देण्यात आला. पदकानंतर त्रेपन्नाव्या वर्षी. पेटकर ज्या वर्षी जिंकले, त्या वर्षी खडकीचे अर्धांगग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्रही अस्तित्वात नव्हते. ते १९७४ साली निघाले. मानेखाली हालचाल नसलेले जवान तेथे तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात, हे आपल्या वाचकांपैकी काहींनी पाहिले असेल. नसेल तर एखाद्या धर्मग्रामाने आपल्या युवकांची सहल तिकडे न्यावी असे आम्ही सुचवितो.

पण सगळे जायबंदी पेटकर नसतात. त्यांतले बहुतेक शांतपणे घरी येतात, आणि त्यांच्या घरचा इतिहास कागदांत घडतो. म्हणून थोडे कागदांविषयी. सैन्यातून वैद्यकीय कारणावरून घरी पाठविताना वैद्यकीय मंडळ दोन गोष्टी ठरविते: अपंगत्व किती टक्के आणि ते सैन्यसेवेमुळे जडले वा वाढले की नाही. शत्रूच्या गोळीने जखमी झालेल्याला युद्धजखम पेन्शन मिळते व ती इतर अपंगत्व पेन्शनीहून अधिक असते. खरी रड असते ती आजाऱ्याची. अपस्मार, मनोविकार, हृदयविकार, उंचावरील बर्फात पोखरलेली फुफ्फुसे: हा रोग सेवेमुळे झालेला नाही असा शेरा पडला, की अपंगत्वाचा हिस्सा गेला. कूतचा तोच जुना भेद.

या बाबतीत धरमवीर सिंग या शिपायाचा खटला महत्त्वाचा आहे. ते १९८५ साली भरती झाले आणि १९९४ साली अपस्मारामुळे वीस टक्के अपंगत्वासह घरी पाठविले गेले. रोग सेवेमुळे नाही, असा शेरा होता. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की भरतीच्या वेळी कागदावर दोष नोंदलेला नसेल, तर माणूस धडधाकट भरती झाला असेच मानावयाचे. पुढे प्रकृती बिघडल्यास ती सेवेमुळे बिघडली असे धरावयाचे, आणि उलट सिद्ध करण्याचा भार शिपायावर न टाकता सरकारवर टाकावयाचा. वैद्यकीय मंडळाने नुसता शेरा न मारता कारणे दिली पाहिजेत, असेही न्यायालयाने सांगितले. पाठोपाठ डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात आणखी एक निर्णय झाला. पन्नासाहून कमी टक्के असतील तर पन्नास, त्यापुढे पंचाहत्तर, त्यापुढे शंभर, अशी टक्केवारी वर नेण्याची सवलत सेवेचा काळ पुरा करून निवृत्त झालेल्या अपंगांनाही लागू झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने पात्रतेचे नवे नियम काढले. त्यामुळे कोणत्या सालच्या निवृत्तीला कोणते नियम लागतात, हे प्रत्येक प्रकरणात पाहावे लागते.

दाद मागण्याची पायरी पुढीलप्रमाणे. प्रथम सैन्याच्या अभिलेख कार्यालयाकडे अपील, आणि तेथे नकार आल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे एक पीठ मुंबईत आहे. अर्ज लिहिण्यास साताऱ्यात व सांगलीत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा होतो तो याच कार्यालयांमार्फत, आणि कूतचा वेढा पडला तोही ७ डिसेंबरच, हा योगायोग. आपल्या धर्मग्रामांतील निवृत्त शिक्षक-कारकून मंडळींनी अशा घरांसाठी आठवड्याचा एक तास दिला तर पुष्कळ अर्ज मार्गी लागतील. अर्ज लिहिण्यापूर्वी घरातील जुनी ट्रंक उघडून तीन कागद काढावेत: भरतीच्या वेळचा वैद्यकीय कागद, सेवापुस्तकाचा उतारा आणि घरी पाठविताना वैद्यकीय मंडळाने दिलेला अहवाल. पहिल्या कागदावर कोणताही रोग नोंदलेला नसेल, तर तोच कागद अर्जात सर्वांच्या वर लावावा.